अर्धशिशी : न दिसणाऱ्या दुखण्याचा इतिहास

  आजवर आपण किल्ल्यांबद्दल बोललो, व्यापारी वाटांबद्दल बोललो, राजघराण्यांच्या कागदपत्रांबद्दल बोललो. आज एका दुखण्याचा इतिहास पाहायचा आहे. सुरुवात घरातूनच करतो.

माझी एक मावशी इंदूरला होती. आम्ही तिला माई म्हणायचो. एकत्र कुटुंब, दोन्ही वेळेला बारा-चौदा पानं. महिन्यातून चार-पाच वेळा माईचं डोकं उठायचं. मग ती सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, वरून फडकं घट्ट बांधायची आणि धान्याच्या कोठ्या ठेवलेल्या काळोख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्हा पोरांना ताकीद असे, तिकडे आवाज करायचा नाही. कधी संध्याकाळी उठायची, कधी दुसऱ्या दिवशी. उठली की पदर खोचून पुन्हा ओट्याशी.

घरात याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "नेमकं कामाच्या दिवशीच कसं गं दुखतं हिचं डोकं?" माई उत्तर देत नसे.

माई गेल्यावर घर आवरताना तिच्या कपाटात जुन्या मराठी दिनदर्शिकांचा गठ्ठा निघाला. सतरा वर्षांच्या. दुधाच्या हिशेबाच्या खुणा होत्याच, पण काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती. ती कशाची ते कुणाला कळेना. शेवटी मावसबहीण म्हणाली, "अरे, डोकं दुखलं की आई फुली करायची. कुणाला दाखवत नव्हती."

मी इतिहास शिकवणारा माणूस. असा कागद हाती आला की त्याला साधन म्हणून वाचायची सवय. त्या फुल्यांनी काय सांगितलं ते शेवटी सांगतो. आधी मोठा इतिहास पाहू, म्हणजे फुल्या वाचता येतील. आणि एक गोष्ट आताच सांगून टाकतो : मी डॉक्टर नाही. इथे जुने उपाय येतील ते इतिहास म्हणून येतील, करून पाहण्यासाठी नव्हे.

सगळ्या भाषांत अर्धं डोकं

मराठीत अर्धशिशी, हिंदीत आधासीसी, गुजरातीत आधाशीशी, बंगालीत आधकपाले, कन्नडमध्ये अरेतलेनोवु. 'अरे' म्हणजे अर्धं. तमिळमध्ये ओट्रैत्तलैवली, म्हणजे एकाच बाजूची डोकेदुखी. युनानी वैद्यकातला अरबी शब्द शक़ीक़ा, त्याच्याही मुळाशी अर्ध्या भागाचाच अर्थ. आणि 'मायग्रेन'? दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन 'हेमिक्रानिया' हा शब्द वापरतो. हेमि म्हणजे अर्धं, क्रानिऑन म्हणजे कवटी. तोच शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून झिजत झिजत मायग्रेन झाला. म्हणजे डॉक्टर मायग्रेन म्हणतात आणि आजी अर्धशिशी म्हणते, तेव्हा दोघंही एकच शब्द उच्चारत असतात.

ही नावं कुणी एकाने दुसऱ्याकडून घेतलेली नसावीत. ज्याचं दुखतं तो कपाळाच्या एका बाजूला हात लावून दाखवतो, आणि तिथूनच नाव येतं. म्हणजे या आजाराची पहिली माहिती रुग्णाच्या हातानेच दिली. आजही मायग्रेनचं निदान मुख्यत्वे रुग्ण काय सांगतो त्यावरच होतं. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही, मेंदूच्या साध्या छायाचित्रात दिसत नाही. तपासण्या केल्या जातात त्या दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

या एका गोष्टीवर पुढचा सगळा इतिहास उभा आहे. रुग्णाच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही. मग त्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रत्येक काळाला ठरवावं लागलं.

जुन्या वैद्यांनी काय पाहिलं

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला एक अर्धावभेदक. अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना, सोबत चक्कर. आणि ही वेदना पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उद्भवते, असं त्याचं वर्णन आहे. दुखणं ठरावीक अंतराने परत येतं हे त्या वैद्याने टिपलं होतं. रुग्णाला पुन्हा पुन्हा विचारल्याशिवाय हे कळत नाही. दुसरा एक रोग सूर्यावर्त : सूर्य चढतो तसं दुखणं चढतं, कलतो तसं उतरतं.

चरकसंहितेत अर्धावभेदकाची कारणं येतात : रुक्ष खाणं, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, पूर्वेचा वारा, दव, वेग दाबून धरणं, अतिश्रम. आजच्या डॉक्टरकडे जा. तो जेवणाच्या वेळा विचारेल, हवामान विचारेल, दगदग विचारेल. शरीराबद्दलचं शास्त्र पार बदललं, पण प्रश्नांची यादी ओळखीची वाटते.

साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, ॲरेटिअस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने लिहून ठेवलं की हे रुग्ण उजेडापासून पळतात, अंधारात त्यांना बरं वाटतं, त्यांना मळमळतं, आणि दुखणं लांबलं की जगण्याचाच वीट येतो. माईची काळोखी खोली त्याने ओळखली असती.

निरीक्षण इतकं बारीक, पण उपाय? नाकात औषधी तूप सोडणं, डोक्यावर तेल धरून ठेवणं इथपासून थेट डाग देण्यापर्यंत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला स्पेनमधला थोर शल्यवैद्य अल-ज़हरावी कानशिलाला चीर देऊन कातडीखाली लसणाची पाकळी बसवायला सांगतो. पुढची कित्येक शतकं हेच चित्र दिसतं. पाहिलेलं बरोबर, केलेलं अंदाजाने, आणि अंदाजाची किंमत रुग्णाने मोजायची.

लेडी कॉनवेची वही

ही किंमत किती असू शकते हे पाहायला सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ. ॲन कॉनवे. जन्म १६३१. म्हणजे शिवरायांच्या जन्मानंतर जवळपास दोन वर्षांनी. बाराव्या वर्षाच्या सुमारास तापाचं दुखणं झालं आणि तेव्हापासून डोकेदुखी मागे लागली ती मरेपर्यंत. घर श्रीमंत, त्यामुळे त्या काळातले सगळ्यात मोठे वैद्य तिला पाहून गेले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे आला. मेंदूच्या शरीररचनेचा जाणकार थॉमस विलिस आला. रक्त काढून झालं, पारा देऊन झाला, झऱ्यांची पाणी पिऊन झाली. १६५६ मध्ये ती कवटीला भोक पाडून घ्यायला पॅरिसला गेली. तिथल्या शल्यवैद्यांनी ते केलं नाही, त्याऐवजी मानेतल्या रक्तवाहिन्या उघडून रक्त काढलं. डोकेदुखी तशीच राहिली. १६६६ मध्ये नुसत्या हात फिरवण्याने रोग घालवणारा म्हणून गाजलेला व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स तिच्या घरी आला. इतरांना गुण आल्याचं लोक म्हणाले. तिला आला नाही.

विलिसने १६७२ च्या ग्रंथात तिचं नाव न घेता तिची हकिगत नोंदवली. डोक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या फुगण्याशी या दुखण्याचा संबंध असावा, हा विचार त्याच्यापासून बळावला आणि तीनशे वर्षं टिकला.

पण मला विलिसपेक्षा ॲन महत्त्वाची वाटते. त्या काळी बायकांना विद्यापीठात प्रवेश नव्हता. केंब्रिजचा तत्त्वज्ञ हेन्री मूर याच्याशी पत्रव्यवहार करून ती तत्त्वज्ञान शिकली. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं म्हणणं असं होतं की मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी वेगळी द्रव्यं आहेत. ॲनने साधा प्रश्न विचारला : ती इतकी वेगळी असतील, तर शरीर दुखल्यावर मनाला का वेदना व्हाव्यात? हा प्रश्न तिला सुचला कुठून, हे सांगायला नको.

१६७९ मध्ये ती वारली. मागे एक वही सापडली, शिसपेन्सिलीने लिहिलेली, तुटक तुटक. दौत आणि टाक सांभाळत आडवं पडून लिहिता येत नाही, पेन्सिलीने येतं. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. त्या वहीचं पुस्तक १६९० मध्ये ॲम्स्टरडॅमला लॅटिनमध्ये छापलं गेलं, तेही तिच्या नावाशिवाय. लाइबनिट्झसारख्या तत्त्वज्ञाने ते आदराने वाचलं. पस्तीस वर्षं जिच्या डोक्यावर इतरांनी प्रयोग केले, तिचं त्या डोक्यातलं म्हणणं लोकांच्या हाती आलं ते ती गेल्यावर अकरा वर्षांनी.

डोळ्यांसमोरची तटबंदी

मायग्रेनच्या काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर काहीतरी दिसतं. चमकणारी नागमोडी रेघ, मध्येच एक पोकळी, वाचताना शब्दाचा अर्धा भाग गायब. याला 'ऑरा' म्हणतात. ज्याला पहिल्यांदा होतो तो घाबरतो, आणि सांगितलं तर लोक हसतील म्हणून पुष्कळदा सांगतही नाही.

१८७० मध्ये ह्युबर्ट एअरी नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःचा ऑरा चित्रांसकट प्रसिद्ध केला. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे राजज्योतिषी, आणि त्यांनाही हाच अनुभव येत असे. ह्युबर्टने एका झटक्यात मिनिटामिनिटाला काय दिसतं ते काढून ठेवलं : आधी एक ठिपका, मग तो पसरत जाणारी दातेरी कड. ती कड त्याला तटबंदीच्या शहरासारखी वाटली. आपल्याला हे पटकन समजेल. बुरुजांनी वेढलेला भुईकोट वरून पाहिला तर कडा कशी आत-बाहेर जाते, तशीच ती रेघ.

१९४१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यानेही हेच केलं. ऑरा सुरू झाला की कागदावर त्याची कड आखायची, थोड्या वेळाने पुन्हा आखायची. त्यावरून त्याने गणित मांडलं : मेंदूच्या दृष्टिभागावरून काहीतरी दर मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या आरिस्तिदेस लेआँव या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर एक विझत जाणारी लाट प्रयोगात पाहिली. तिचा वेग? जवळपास तोच. दोन्ही गोष्टी एकच असाव्यात हे १९५८ मध्ये पीटर मिल्नरने दाखवून दिलं. दुखणाऱ्या माणसाने कागदावर ओढलेल्या रेघा आणि प्रयोगशाळेतली यंत्रं एकाच आकड्यावर येऊन थांबली. आपल्या दुखण्याची नोंद ठेवणारा माणूस विज्ञानाला काय देऊ शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मुंबईतली पिवळी डबी

आता आपल्याकडे येऊ. १८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव नावाच्या तेलुगू गृहस्थांनी एक मलम बाजारात आणलं : अमृतांजन. संगीताच्या मैफलींत ते फुकट वाटून त्यांनी त्याची ओळख करून दिली, असं सांगतात. त्या पैशातून त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढलं, जे पुढे मद्रासला जाऊन दैनिक झालं. आंध्र प्रांताच्या चळवळीतले ते मोठे पुढारी. म्हणजे देशभरच्या कपाळांवरच्या मलमातून एक वर्तमानपत्र आणि एक चळवळ उभी राहिली.

बाम काय करतो? त्यातला मेन्थॉल कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतो, आणि गार वाटलं की दुखण्यावरचं लक्ष थोडं हलतं. झटका तो थांबवत नाही. पण बाम आणखी एक काम करतो, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. बामाचा वास आला की घरात कळतं, कुणाचं तरी डोकं दुखतंय. न दिसणाऱ्या दुखण्याला वास मिळतो. सुंठेचा लेप, कपाळाचं फडकं हेही तसंच. ते औषध होतं आणि निरोपही होता.

इंदूरला अजून एक उपाय चाले, सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध. काका पहाटे हलवायाकडे जाऊन घेऊन यायचे. सूर्यावर्ताची ती जुनी कल्पना जिलबीच्या रूपाने शिल्लक राहिली असावी. माईला त्याने कधी बरं वाटे, कधी नाही. पण काका थंडीत उठून जात, एवढं ती आवर्जून सांगे.

दुखणं की स्वभाव?

विसाव्या शतकात पहिल्यांदा नेमकं औषध आलं. राय या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतून आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एर्गोटामिन वेगळं काढलं, आणि काही वर्षांत ते मायग्रेनवर वापरात आलं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फ आणि जॉन ग्रॅहम यांनी दाखवलं की हे औषध दिल्यावर कानशिलातल्या धमनीचा ठोका कमी होतो आणि दुखणंही उतरतं. विलिसचा जुना अंदाज सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

पण याच वुल्फने आणखी एक कल्पना पसरवली. मायग्रेनची माणसं एका विशिष्ट स्वभावाची असतात : महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर. वुल्फला स्वतःला मायग्रेन होतं, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आलं. पुढच्या अभ्यासांत या 'मायग्रेनच्या स्वभावा'ला आधार मिळाला नाही. तोवर मात्र ठपका बसला होता. डोकं दुखतं कारण तू तशी आहेस. मायग्रेन स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतं, त्यामुळे हा ठपका कुणाच्या वाट्याला जास्त आला ते उघड आहे. इंदूरच्या स्वयंपाकघरातलं ते वाक्य न्यूयॉर्कमध्ये पांढरा कोट घालून बोललं गेलं, इतकाच फरक.

याच काळात दुसरा धडा मिळाला. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहिलं की एर्गोटामिन फार वेळा घेणाऱ्यांची डोकेदुखी वाढते आणि ते बंद करताना आणखी उसळते. आज आपल्याला माहीत आहे की साध्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच होतं. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस साध्या गोळ्या, किंवा दहा किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या वा मायग्रेनची खास औषधं, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकतं. किराणा दुकानात सुटी गोळी मिळणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

ऐकून घेतल्यावर काय झालं

१९६६ मध्ये हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाने डॉक्टरांना सांगितलं, माझी डोकेदुखी कमी झाली. डॉक्टरांनी 'योगायोग असेल' म्हणून ते सोडून दिलं नाही. तपासलं. आजही ते झटके कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रमुख औषधांपैकी एक आहे.

१९९० मध्ये पीटर गोड्सबी, लार्स एडविन्सन आणि सहकाऱ्यांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं. त्यात सीजीआरपी नावाचा एक रेणू वाढलेला सापडला. चेतातंतूंमधून सुटणारा हा रेणू दुखण्याच्या साखळीतला मोठा दुवा निघाला. इथे मला लेडी कॉनवे आठवते. १६५६ मध्ये तिच्या मानेतून काढलेलं रक्त टाकून दिलं गेलं. १९९० मध्ये मानेतलंच रक्त मोजलं गेलं, आणि त्यातून औषधांची वाट निघाली. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान बाजारात आलं, २०१८ मध्ये सीजीआरपीचा मार्ग अडवणारं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०२१ चं ब्रेन प्राइझ या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मिळालं. मायग्रेन हा चेतासंस्थेचा आजार आहे, आता यावर वाद उरलेला नाही. रक्तवाहिन्यांचं फुगणं ही त्यातली एक घटना, मूळ नव्हे.

आपल्याकडेही कुणीतरी ऐकून घेतलं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. विषय होता : डोक्यावरून न्हाल्यानंतर उठणारं मायग्रेन. लांब केस, ते धुणं आणि बराच वेळ ओले राहणं. पाश्चात्त्य पुस्तकांच्या यादीत हे कारण नव्हतं. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत होत्या, "न्हायले की डोकं उठतं." डॉक्टरने विचारलं आणि लिहून घेतलं, तेव्हा ते जगाच्या वैद्यकीय साहित्यात गेलं. बंगळुरूच्या शहरी आणि ग्रामीण भागात निमहान्सने केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात साधारण दर चार प्रौढांमागे एकाला मायग्रेन असल्याचं आढळलं. जगभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना दैनंदिन जगण्यात अडवणाऱ्या आजारांत मायग्रेन पहिल्या क्रमांकावर मोजलं जातं.

माईच्या फुल्या

आता गठ्ठ्याकडे परत येऊ. दिनदर्शिका मराठी असल्यामुळे फुलीच्या शेजारीच सण-वार छापलेले होते. मी आणि मावसबहीण दोन दुपारी बसून सतरा वर्षं चाळली.

फुल्या संकष्टीला होत्या. दिवसभर उपास, जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला. फुल्या दिवाळीच्या पहिल्या दिवशी होत्या : पहाटे चारला उठणं, अभ्यंगस्नान, ओले केस, फटाक्यांचा धूर. फुल्या गौरी जेवतात त्या दिवशी होत्या : आदल्या रात्री जागरण, सकाळी डोक्यावरून नहाणं, तळणाचा वास, स्वतःचं जेवण दुपारी तीनला. काही महिन्यांत त्या ठरावीक अंतराने येत होत्या. बहीण म्हणाली, त्या पाळीच्या आसपासच्या असणार. शेवटच्या चार-पाच वर्षांत, वय पन्नाशीपुढे गेल्यावर, त्या विरळ होत गेल्या. बऱ्याच स्त्रियांमध्ये हे असंच होतं.

म्हणजे सासूबाईंचं निरीक्षण अगदी खरं होतं. डोकं नेमकं कामाच्याच दिवशी दुखायचं. कारण जे जे डोकं उठवतं ते सगळं कामाच्या दिवशीच एकत्र यायचं. त्यांनी पाहिलं बरोबर, आणि निष्कर्ष स्वभावाचा काढला. माईनेही तेच पाहिलं, आणि तारखेवर फुली केली. दोघींच्या हातात एकच पुरावा होता. कुणी त्या दोघींना एका जागी बसवून गठ्ठा उघडला असता, तर संकष्टीला दुपारी माईला दूध-केळं मिळालं असतं आणि गौरीच्या दिवशी पहिल्या पंगतीला पान. तेवढ्याने सगळ्या फुल्या गेल्या नसत्या. काही नक्की गेल्या असत्या.

म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांना, इतिहासाचा माणूस म्हणून, एवढंच सांगतो. नोंद ठेवा. दिनदर्शिकेवर ठेवा, मोबाईलवर ठेवा. तारीख, झोप, जेवणाची वेळ, नहाणं, ऊन, पाळी, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. गोळ्या मोजणं सगळ्यात महत्त्वाचं. महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखत असेल तर ते सोसण्याचं प्रकरण राहिलेलं नाही. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. आज झटका थांबवणारी औषधं आहेत आणि झटके कमी करणारीही आहेत. डोकेदुखी अचानक आणि आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र असेल, सोबत ताप व मान आखडणं, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणं असेल, तर थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखू लागलं असेल तर तेही लवकर दाखवून घ्या.

आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना. ते वाक्य तुमच्या तोंडी आलं, "नेमकं आजच कसं दुखतं?", तर ते अर्ध्यावर सोडू नका. खरंच विचारा, आजच का दुखतं? आज काय काय झालं? सकाळपासून खाल्लंस का? हा प्रश्न सुश्रुताच्या काळच्या वैद्याने विचारला होता, म्हणून पंधरवड्याने आणि दहा दिवसांनी येणारं दुखणं त्याच्या ग्रंथात उतरलं.

दिनदर्शिकांचा तो गठ्ठा आता बहिणीकडे आहे. तिचंही डोकं दुखतं. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर यंदाची दिनदर्शिका आहे, फुल्या लाल पेनाने केलेल्या, लांबूनही दिसतील इतक्या मोठ्या. संकष्टीला दुपारी तिचा मुलगा विचारतो, "आई, खाल्लंस का?"